कुलरच्या टबातलं कोहळं

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. नागपूरचा मे महिना परवडला पण तू नको, असं माझा नवरा म्हणतो, आणि म्हणताना पायात चप्पल घालून दारापाशी उभा असतो. पण भाजीपाला लावायच्या आधी मी बरी होते. घरात लहान पोरं असताना परसात भाजी लावणारी बाई एकतर संत होते, नाहीतर माझ्यासारखी होते.

आमचं घर साध्या लेआउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतलं. घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधे मागच्या अंगाला जी पट्टी उरली होती, ती सगळी काळी माती. पावसाळ्यात ती पोरांच्या पायांना चिकटून थेट गादीपर्यंत येते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की माझ्या मुलाची खेळण्यातली जीप त्यात गेली ती गेलीच. त्या पट्टीत मी मेथी लावली, वांगी लावली, मिरच्या लावल्या आणि सांबार लावला, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची कोथिंबीर. कोपऱ्यात जुना कुलर पडून होता. भंगारवाल्यानं त्याची मोटर नेली, पंखा नेला, पत्रे नेले, फक्त खालचा गंजका टब नको म्हणाला. त्या टबात माती आणि शेणखत भरून मी कोहळ्याच्या बिया टोचल्या. लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात.

तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती आणि मुलगा चार. दोघांनाही बागेची फार आवड. ही आवड नसती तर माझ्या घरात पालेभाजी झाली असती. चवळीचं बी पेरलं की मुलगा रोज सकाळी ते उकरून पाहायचा. "अजून झोपूनच राहिलं," असं मला येऊन सांगायचा आणि पुन्हा पुरून यायचा. बी बिचारं किती दिवस झोपेल? शेवटी कायमचंच झोपलं. मुलगी मुळे उपटून बघायची, बारीक निघाले की परत जागेवर खोचून ठेवायची आणि वर पानांवरून हात फिरवायची. संध्याकाळपर्यंत सगळा वाफा माना टाकायचा आणि मी कीड शोधत बसायचे. मुलानं एकदा पेढा पेरला. पेढ्याचं झाड आलं नाही, पण मुंग्या आल्या त्या अजून गेलेल्या नाहीत. एका मिरचीच्या रोपाला तो पाणी घालताना सापडला. पाणी कुठलं ते सांगत नाही. "नळ दूर हाये नं," एवढंच तो म्हणाला. सासूबाईंनी त्या दिवसापासून घरची मिरची खाल्ली नाही.

एवढं सगळं होऊनही कोहळ्याचा वेल मात्र जोमानं निघाला. टबातून भिंतीवर चढला, भिंतीवरून शेजारच्या काकूंकडे डोकावला. आणि इथंच माझी मती फिरली. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्यांची एकत्र भाजी लागते आणि त्यात कोहळं हवंच. मी भिशीत, गल्लीत, दूधवाल्यासमोर, जिथं जागा मिळेल तिथं सांगून बसले की यंदा कोहळं घरचं. सासूबाई फक्त "पाहू" म्हणाल्या. त्यांच्या त्या "पाहू"मध्ये एवढं काही असतं की त्यासाठी मी कोहळं काय, ऊसही पिकवला असता.

त्याच सुमारास माझी धाकटी नणंद बाळंतपणाला माहेरी आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. पहिलंच बाळ, तेही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे सासूबाईंचा जीव नुसता टांगलेला. दिवेलागणीला उंबऱ्यात बसू नको, सुईदोरा हातात घेऊ नको, कुणी पोटाची तारीफ केली की मीठमोहऱ्या. नणंद सगळं ऐकायची आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन परसात वेलापाशी जाऊन बसायची. तिथं आईचा आवाज कमी येतो म्हणायची.

आली त्याच दिवशी माझ्या मुलीनं तिच्यासमोर उभं राहून चौकशी केली. पोटावर उजव्या हाताचं बोट टेकवून म्हणाली, "आत्या, इथं हाये का बाळ?"

"हाव."

"झोपून राहिलं?"

"दिवसा झोपते. रात्री उड्या मारते."

मुलगी खूश झाली. तिला भाऊ होता, पण तो तिला आयता मिळाला होता. हे बाळ ती पहिल्यापासून बघणार होती. रोज शाळेतून आली की दप्तर टाकायचं, आधी आत्याच्या पोटाची विचारपूस करायची, मग वेलाची. दोन्हीची राखण तिनं आपल्याकडे घेतली.

वेलाला फुलं आली तेव्हा मी पोरांना टबापाशी उभं करून कायदा सांगितला. काही फुलांच्या मागे सुपारीएवढी हिरवी गोळी असते. ती दाखवून म्हटलं, "हे पाहा. या फुलाच्या मागे कोहळ्याचं बाळ आहे. अशा फुलाला हात लावला तर हात तोडीन."

"आणि ज्याच्या मांगं बाळ नाही ते?" मुलीनं विचारलं.

"ती बिनकामाची. नुसती मिरवायला आलीत."

माझं हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पोरांनी ठेवलं.

मागून सासूबाई आल्या आणि त्यांनी त्यात आपलं कलम घातलं. "अन् बोट नाही दाखवाचं बाळाले. कवळ्या फळाले बोट दाखवलं की ते सडते. चुकून दाखवलंच तर बोट दातात धरून चावाचं." हे मीही लहानपणी ऐकलं होतं, माझ्या आईनंही ऐकलं होतं. आमच्याकडे काकडी-कोहळ्याकडे कुणी बोट करत नाही. दाखवायचं झालं तर मूठ मिटून कोपर पुढे करतात. नणंद खुर्चीत बसून हसली, पण आईपुढे बोलायची तिची बिशाद नव्हती.

पोरं शब्दाला जागली. इतकी की मला भिशीत आणखी एक विषय मिळाला. गोळीवाल्या फुलाला कुणी शिवलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक फळ धरलं, बघता बघता नारळाएवढं झालं. मागून आणखी पाच-सहा गोळ्या रांगेत. मी मनातल्या मनात शेजारच्या काकूंनाही एक देऊन टाकलं.

मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. लाकडी बैल सजवायचा, दोरी धरून घरोघर न्यायचा आणि लोकांकडून बोजारा घ्यायचा, म्हणजे दहा-वीस रुपये नाहीतर खाऊ. आमच्या लेआउटच्या मैदानात उत्तम बैलाला बक्षीसही असतं. मी सकाळपासून पुरणात होते, बैल सजवायचं काम पोरांनी बापाला घेऊन केलं. मैदानात गेले तर आमचा बैल नुसता पिवळाधमक. गळ्यात फुलं, शिंगांना फुलं, पाठीवर फुलांची झूल, चाकांतसुद्धा फुलं. सगळी कोहळ्याची. मुलीनं माझं तोंड पाहिलं आणि आधीच सांगितलं, "आई, बाळवालं एक पण नाही तोडलं. बिनकामाचेच तोडले. रोज तोडतो आम्ही."

मी वाकून एकेक फूल तपासलं. खरंच, एकाच्याही मागे गोळी नव्हती. मग माझा ऊर भरून आला. आमच्या बैलाला पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. मी फोटो काढले आणि माहेरी पाठवले.

दुसऱ्याच दिवशी वेलावरची पहिली गोळी पिवळी पडून गळाली. मग दुसरी. मग तासातासाला एक. हात लावला की टपकन हातात यायची, टोकाशी मऊ, सडकी. राहिलं ते फक्त पहिलं, मोठं.

माझं डोकं भणभणलं. मी आधी खत कमी पडलं म्हणाले, पाणी जास्त झालं म्हणाले, काकूंची नजर लागली असंही म्हणाले, ते मात्र हळू आवाजात. सासूबाईंनी वेलाला जुनी चप्पल बांधली आणि सगळ्यांना परसात बोलावलं. "बोट कोणं दाखवलं?"

मग चार वर्षांचे आमचे चिरंजीव पुढे झाले आणि सख्ख्या बहिणीकडे बोट करून म्हणाले, "ताईनं. एक, दोन, तीन, असे मोजले तिनं."

मुलीचं तोंड एवढंसं झालं. "मी चावलं होतं बोट," ती म्हणाली. "पण एकदाच चावलं. सगळ्यांसाठी एकदाच."

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, आता काय." मी मात्र जाऊ दिलं नाही. काय बोलले ते आठवत नाही, पण आवाज काकूंपर्यंत गेला असावा, कारण त्यांची खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी. मी विचारलं, कापलं का? नाही म्हणाली. सोड म्हटलं तर सोडेना. तीन बोटांनी भात खाऊ लागली. पट्टी भिजली की स्वतःच दुसरी बांधायची, कधी केसांची रिबीन, कधी बापाचा रुमाल. शाळेतून बाईंचा फोन आला की ती पेन्सिल धरत नाही, हात दप्तरात घालून बसते. घरी आल्यावर आत्याकडे जाईना. आत्या परसात असली की ही घरात, आत्या घरात आली की ही परसात. नणंदेनं दोनदा हाक मारली, तर लांबूनच "आहे ना ते?" असं विचारून पळाली.

मला वाटलं, नाटकं. माझ्या बोलण्याचा राग धरलाय. एका दुपारी मी तिला धरून आत्याच्या खुर्चीसमोर उभं केलं आणि म्हटलं, "आज पट्टी निघाली नाही तर बघच. काहून बांधली सांग."

तिनं हात पाठीमागे नेला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे, मग आत्याच्या पोटाकडे. आणि रडायला लागली.

"मी आत्याच्या बाळाले पण बोट दाखवलं होतं. आली होती तेव्हा. अन् चावलं पण नव्हतं. आता ते पण सडन का?"

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. सहा वर्षांची पोरगी तीन दिवस हे बोटाला बांधून फिरत होती आणि मी तिला पेन्सिलीसाठी ओरडत होते.

नणंदेनं तिला जवळ ओढलं. विज्ञानाची बाई ती, तिनं लगेच शाळा भरवली. फुलांत आई-फुलं असतात आणि बाबा-फुलं असतात. बाबा-फुलाची पिवळी पूड मधमाशी आई-फुलावर नेते, तेव्हा बाळ वाढतं. पूड नाही मिळाली तर गळून पडतं. बोटाचा काही संबंध नाही. मग वेलाकडे नीट बघून तिनं मला विचारलं, "वहिनी, बाबा-फुलं कुठी गेले पण?"

"बैलाले घातले," मुलगा म्हणाला. "आई म्हणे बिनकामाचे हायेत."

माझा नवरा नेमका त्याच वेळी परसात आला होता. त्याच्या तोंडावर जो आनंद पसरला तसा मी लग्नातही पाहिला नव्हता. "बाबा बिनकामाचे," तो म्हणाला. "बरं झालं आज समजलं." मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो जसा आला तसा परत गेला.

पण पोरगी ऐकताना हुंदके देत होती, आणि ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं. "मग आजी खोटं बोलली का?"

आता याचं उत्तर कोण देणार? पोरीला विज्ञान नको होतं, तिला आजी हवी होती. ती डोळे पुसत म्हणाली, "मोठ्या कोहळ्याले दाखवू का? त्याले नाही दाखवलं मी अजून. ते सडलं नाही तर मंग बाळ पण नाही सडणार."

ते मोठं कोहळं म्हणजे महालक्ष्म्यांचं. वेलावर उरलेलं एकुलतं एक. मी स्वतःला सुशिक्षित समजते, तरी माझ्या तोंडून "थांब जरा" निघून गेलं.

सासूबाई उठल्या. पोटातल्या नातवंडासाठी जिनं लेकीला सुई हातात धरू दिली नव्हती, ती बाई गुडघ्यावर हात ठेवत टबापर्यंत गेली. पोरीला म्हणाली, "चाल इकडं. सोड ते फडकं." पोरीनं सोडलं. बोट पांढरं पडून सुरकुतलं होतं. सासूबाईंनी आधी आपलं बोट पुढे केलं, चांगलं सरळ, कोहळ्याच्या अगदी अंगाला. "हे पाह्य. मी दाखवलं. आता तू दाखव."

तिनं दाखवलं. मुलानं दोन्ही हातांची सगळी बोटं दाखवली, वरून पायाचा अंगठाही. नणंदेनं दाखवलं. शेवटी मीही दाखवलं, आणि सगळे आत गेल्यावर वांग्याच्या रोपाआड वाकून बोट चावलं. मान वर केली तर घराच्या कोपऱ्याशी सासूबाई पाठमोऱ्या उभ्या, आणि त्यांचाही हात तोंडाशी. आम्ही त्यावर आजपर्यंत बोललेलो नाही.

पट्टी सुटली, पण पोरगी मोकळी झाली नाही. बोट मुडपून ठेवायची. "आतून सडलं असलं तर? वरून थोडी दिसते," म्हणायची. म्हणजे ते कापेपर्यंत सुटका नव्हती, तिची नाही आणि आमचीही नाही. मधेच त्याच्या बुडाशी एक पिवळट डाग पडला. मी टाइल आणून त्याच्याखाली ठेवली. नवरा ऑफिसला जाताना आधी गाडी पुसायचा, आता आधी कोहळं पुसायला लागला. एवढी विचारपूस माझ्या बाळंतपणात माझीही झाली नव्हती.

महालक्ष्म्या जेवायच्या त्या दिवशी सकाळी कोहळं तोडलं. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नाही, पुरुषानं घालायचा. नवरा सोवळं नेसून स्वयंपाकघरात आला, कमरेवर कद आणि हातात सुरी, आणि सुरी टेकवून नुसता उभा राहिला. पुरणाचा, अंबिलीचा, पंधरा चिरलेल्या भाज्यांचा पसारा मांडलेला, पाहुण्या बायका दारात, आणि माझी पोरगी ओट्याला नाक लावून उभी, उजवा हात फ्रॉकच्या खिशात.

"काप नं," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं डोळे मिटून घाव घातला. कोहळं दोन भाग होऊन आडवं पडलं. फार पिकलं नव्हतं, फिकट पिवळं होतं, बिया कवळ्या होत्या. पण कुठं डाग नाही, पाणी नाही, वास नाही. पोरीनं वाकून हुंगलं. मग दुसरा भागही हुंगला. मग खिशातून हात काढून ते बोट गरात रोवलं आणि चाखलं.

"चांगलं हाये," ती म्हणाली.

मला रडू यायला लागलं म्हणून मी ओरडले की कुणीतरी गॅस बारीक करा. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, मंग वॉशिंग मशीनमधलं पण कापायचं का?"

ते मी आणून ठेवलं होतं, रात्रीतून काही झालं तर बदलायला म्हणून. तेवढ्याच आकाराचं, बाजारात अर्धा तास शोधून. नवरा मला हसणार तोच मुलानं गाडीच्या डिकीतलंही सांगितलं, ते बापाचं होतं. तो म्हणाला, कळमन्याच्या भाजीबाजारातून मुद्दाम आणलं. आणि सासूबाईंनी कुणी विचारायच्या आधी पदर सावरत सांगून टाकलं की त्यांच्या कपाटात साड्यांच्या मागे एक आहे, काकूंकडून मागवलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पुढे पंधरा दिवस आम्ही कोहळ्याची बोंडं तळून खात होतो.

पण पोरगी या हशात नव्हती. ती थेट बाहेरच्या खोलीत गेली होती, जिथं नणंद पाय लांब करून बसली होती. मी मागोमाग गेले, सासूबाई पुरणाचे हात घेऊन माझ्या मागे. पोरीनं बोट फ्रॉकला पुसलं आणि आत्याच्या पोटापासून वीतभर लांब धरलं. मग हळूच टेकवलं. तशीच थांबली.

एकदम तिनं हात मागे घेतला आणि आमच्याकडे वळली. डोळे केवढे मोठे. "आजी, त्यानं मले लाथ मारली. बोटालेच मारली."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"मग," त्या म्हणाल्या, "बोट दाखवलं तर मारनच नं वं."